बिनदेवाची सहल

"बऱ्हाणपूरले कोन वारलं?" हा रंगरावांचा पहिला प्रश्न होता.

चिंतामणरावांनी विचारलं होतं ते एवढंच, की मलकापूरहून बऱ्हाणपूरला जायला सकाळची एखादी गाडी आहे का. रंगराव त्यांचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गाड्यांबद्दल त्यांना नाही विचारायचं तर कुणाला विचारायचं? पण चिखलीत माणूस पिशवी घेऊन घराबाहेर पडला की त्याची कारणं तीनच असतात. कुणीतरी गेलेलं असतं, कुणाचं तरी लग्न असतं, नाहीतर देवानं बोलावलेलं असतं. त्यातलं सगळ्यांत तातडीचं कारण रंगरावांनी आधी विचारून घेतलं. माणूस अनुभवी होता.

"कोणी वारलं नाही," चिंतामणराव म्हणाले. "फिरायला जायचं आहे."

"तिथं कोनतं देवस्थान हाय?"

"देवस्थान नाही. किल्ला आहे. शाही हमामखाना आहे."

"हमामखाना म्हंजे?"

"म्हणजे राजघराण्यातल्या लोकांची आंघोळीची जागा."

रंगरावांनी दातांतली काडी काढली. "आंघोळीची जागा पाहाले तुम्ही मध्य प्रदेशात जाऊन राह्यले, भाऊ? घरी पानी येऊन नाही राह्यलं का? मी येऊ का मोटर पाहाले?"

इथेच चिंतामणराव "हो, या" म्हणाले असते तर पुढचं काही घडलं नसतं. फार तर चांगली चाललेली मोटर रंगरावांनी उघडून बिघडवून ठेवली असती. पण खरं बोलायची खोड वाईट. "पद्मजाला दाखवायचा आहे," ते म्हणाले. "आम्ही दोघंच जाणार आहोत."

"दोघंच?" रंगराव म्हणाले, आणि चिंतामणरावांकडे ते जरा काळजीनंच पाहू लागले. एवढं भिंतीला भिंत लागून राहतो आणि या घरात काय चाललंय ते आपल्याला कळू नये, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

आता या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. पद्मजाबाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. निरोप समारंभात मुख्याध्यापिका म्हणाल्या, की बाईंनी चिखलीत राहून आमच्या मुलींना सगळा हिंदुस्थान दाखवला. टाळ्या पडल्या. पद्मजाबाईही हसल्या. पहिल्या रांगेत मांडीवर शाल आणि नारळ घेऊन बसलेल्या चिंतामणरावांना मात्र हसू आलं नाही, कारण हिंदुस्थान दाखवणाऱ्या बाईंनी स्वतः काय पाहिलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. शाळेच्या सहली त्यांनी वर्षानुवर्षं नेल्या. लोणारला नेल्या, सिंदखेडराजाला नेल्या, दौलताबादला नेल्या. पण तिथं त्यांनी इमारती पाहिल्या नाहीत, मुली मोजल्या. एकदा दौलताबादला दोन मुली मागे राहून गेल्या, तेव्हापासून तर मोजायची अशी सवय लागली की हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही त्या मनात मोजून घ्यायच्या. आणि घरचे प्रवास म्हणाल तर एक तर लग्न, नाहीतर देव. दोन्हीकडे सासर-माहेर बरोबर, आणि दोन्हीकडे यांच्या हातात पोळ्यांचा डबा.

बऱ्हाणपूर तर नकाशावर बोटभर अंतरावर. मोगलांना दक्षिणेत उतरायचं तर आधी बऱ्हाणपूर लागायचं, ताजमहालातली मुमताज आधी तिथंच पुरली होती, हमामखान्याच्या छतावर अजून जुनं रंगकाम आहे, असं सगळं पद्मजाबाई वर्गात रंगवून सांगायच्या. मग एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, तुम्ही पाहिलं का?" बाई म्हणायच्या, "पाहीन गं." मुली बदलत गेल्या, उत्तर तेच राहिलं.

समारंभाहून घरी परतताना चिंतामणराव एकदम म्हणाले, "आपण बऱ्हाणपूरला जाऊ. दोघंच. देव नाही, नातेवाईक नाहीत, डबा नाही."

पद्मजाबाई रस्त्यात उभ्याच राहिल्या. "दोघंच?" त्यांनी विचारलं. पुढे रंगरावांनी उच्चारला तोच हा शब्द, पण पद्मजाबाईंच्या तोंडून तो ऐकताना चिंतामणरावांच्या हातातला नारळ पडता पडता वाचला. यावर आणखी काही बोलायची दोघांनाही सवय नव्हती. तरी चिंतामणरावांना वाटलं, लग्नानंतर आपण पहिल्यांदाच काहीतरी लग्नासारखं बोललो. हा शब्द काहीही झालं तरी पाळायचाच, असं त्यांनी त्याच रस्त्यावर ठरवलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली. एका मतानुसार बऱ्हाणपूरला गुडघ्यांवर औषध देणारा एक वैद्य होता. दुसऱ्या मतानुसार मुलीसाठी स्थळ पाहायला चालले होते. मुलगी रेवती पुण्याला नोकरीला. तिचा रात्री फोन आला. "बाबा, मामीनं सांगितलं तुम्ही दोघंच कुठेतरी चाललाय. तुमचं दोघांचं ठीक आहे ना?" चिंतामणरावांनी समजावून सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की तिनं तिथून बसल्या बसल्या तापीच्या बाजूला एका लॉजमधली खोली आरक्षित केली, आणि खिडकीतून नदी दिसते असं सांगितलं. नदी दिसणारी खोली चिंतामणरावांनी जन्मात घेतली नव्हती. त्यांना जरा लाजल्यासारखं झालं.

चिंतामणराव बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. शेजारच्या टेबलावर धम्मरत्न बसायचा, वयानं लहान पण डोक्यानं शांत. त्यानं ऐकून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "सर, एक सांगू? कोनालेच सांगू नका. मागच्या वर्षी मी मंजुश्रीले घेऊन चिखलदऱ्याले निघालो होतो. घरी बोलून बसलो. सारं घर घेऊन गाडी करून जा लागलं. मंजुश्री कोनत्या सीटवर होती ते मले उतरल्यावर समजलं."

"मी तर सांगून बसलो," चिंतामणराव म्हणाले.

"कोनाले?"

"रंगरावांना."

धम्मरत्ननं चिंतामणरावांसाठी चहा सांगितला.

मग रजेचा अर्ज. सरकारी माणसाला गाव सोडायचं तर रजेबरोबर मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते. आता चिंतामणराव राहायचे चिखलीला, म्हणजे रोज संध्याकाळी एसटीत बसून ते मुख्यालय सोडतच होते, आणि साहेब स्वतः त्याच एसटीत पुढच्या सीटवर असायचे. पण ते सोडणं वेगळं आणि अर्ज करून सोडणं वेगळं. कारणाच्या जागी चिंतामणरावांनी सुवाच्य अक्षरात 'पर्यटन' लिहिलं. साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.

"पर्यटन? अहो, हे काय कारण झालं? उद्या कुणी विचारलं की कामं खोळंबली असताना लिपिक पर्यटन करत होता, तर मी काय उत्तर देऊ? देवदर्शन लिहा. देवदर्शनाला कोणी काही विचारत नाही."

"पण साहेब, तिथं देव नाही."

"नाही कसा? बऱ्हाणपूरच्या पुढे ओंकारेश्वर आहे की. दोन पावलांवर."

ही पावलं कुणाची मोजायची हे साहेबांनी सांगितलं नाही. चिंतामणरावांनी आयुष्यात सरकारी कागदावर खोटा शब्द लिहिला नव्हता. आता देवदर्शन लिहायचं म्हणजे ओंकारेश्वराला निदान जाऊन तरी यायला हवं, असा विचार करत त्यांनी पर्यटन खोडून देवदर्शन लिहिलं. साहेबांनी सही केली, आणि टोपण लावता लावता म्हणाले, "बरं झालं. आमच्या सासूबाई कधीच्या ओंकारेश्वर, ओंकारेश्वर म्हणताहेत. तुम्ही जाताच आहात तर एक म्हातारी तुम्हाला काय जड आहे?"

जाताच आहात तर. मराठी भाषेत हे तीन शब्द कुणी तयार केले असतील त्याला एकदा गाठून विचारायला पाहिजे, असं चिंतामणरावांना त्या क्षणी वाटलं. या तीन शब्दांनी भल्याभल्यांच्या सहली बुडवल्या आहेत.

ओंकारेश्वराचं नाव निघाल्याचं कळताच रंगरावांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे माणूस बिघडलेला नव्हता, फक्त नीट सांगत नव्हता. "असं सांगा ना मंग भाऊ," ते म्हणाले आणि त्याच दिवशी त्यांनी एक मोठी सतरा सीटची गाडी ठरवून टाकली. सहलीची सभा अर्थातच चिंतामणरावांच्या घरी झाली. अध्यक्ष रंगराव. स्वयंपाकाचं खातं त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाईंकडे. चिंतामणरावांकडे चहाचा ट्रे होता.

"आधी शेगाव," रंगराव म्हणाले.

"शेगाव वाटेत नाही," चिंतामणराव ट्रे घेऊन म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला कुठंही जायचं असो, शेगाव वाटेतच असतं. चिंतामणरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण रागाच्या भरात माणूस भूगोल बोलून जातो.

शेगाव, मग मलकापूर, मग ओंकारेश्वर, परतताना उज्जैनही जमलं तर जमलं. परतताना उज्जैन म्हणजे आणखी पुढे जाऊन परतायचं होतं, पण आता भूगोल काढायची चिंतामणरावांची हिंमत नव्हती. "आणि बऱ्हाणपूर?" त्यांनी विचारलं.

"हाव, लागते ना ते बी," रंगराव म्हणाले. "रस्त्यावरूनच किल्ला दिसते. डाव्या बाजूच्या खिडकीवाल्यायनं पाहून घ्याचा."

खरी भांडणं जेवणावरून झाली. दशम्या की पोळ्या, ठेचा हिरव्या मिरचीचा की लाल. चिंतामणरावांनी तेवढ्यात कसंबसं एक कलम मंजूर करून घेतलं, की जेवण बऱ्हाणपुरात तापीच्या काठी करायचं, आणि जेवण झाल्यावर ज्याला पाय मोकळे करायचे त्यानं किल्ला बघून यावं. शाही हमामखाना आता पाय मोकळे करायची जागा झाला होता. माणसं इतकी वाढली होती की सतरा सीटमध्ये मावेनात, तेव्हा जोडीला एक जीप ठरली. जीपमध्ये साहेबांच्या सासूबाई जयमालाबाई, आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला धम्मरत्न आणि मंजुश्री. धम्मरत्न दुसऱ्या दिवशी कचेरीत मान खाली घालून म्हणाला, "सर, मी नाहीच म्हननार होतो. पण रंगरावकाकाचा फोन घरच्या नंबरवर आला."

या साऱ्या गोंधळात पद्मजाबाई कधी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुकाट्यानं चहा केला, दशम्यांना पीठ किती लागेल ते सांगितलं, आणि सभेत तोंड उघडलं ते एकदाच. "म्हणजे गाड्या दोन?" त्यांनी विचारलं. "मग माणसं कोण मोजणार?"

"मी हाय ना," रंगराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "उभ्या नोकरीत एक पासिंजर मांगं नाही ठेवलं, वहिनी. तुम्ही या बारीनं निवांत बसा. मोजाचं काम माह्यं."

"बरं," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की चिंतामणराव ट्रे घेऊन आत निघून गेले. म्हणजे हिला काहीच वाटलं नाही. रस्त्यात थांबून 'दोघंच?' म्हणाली होती ते ही विसरूनही गेली. त्या रात्री ते म्हणाले, "ती बऱ्हाणपूरची खोली रद्द करून टाक. सगळे ओंकारेश्वराला धर्मशाळेत उतरणार आहेत." पद्मजाबाईंनी "ऐकलं" म्हणून कूस बदलली. चिंतामणराव बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. बायकोला दिलेला एक शब्द आपल्याला पाळता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही याचं त्याहून जास्त वाटलं.

निघायच्या दिवशी गाड्या पहाटे निघणार होत्या, त्या ऊन वर आल्यावर निघाल्या. जयमालाबाईंचे देव पेटीत बसेनात. ते बसले तर रुख्मिणीबाईंना गावाबाहेर पडल्यावर आठवलं की आपण गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. दोन्ही गाड्या परत वळल्या. गॅस बंद होता. रंगराव दारात उभे राहिले, माणसं मोजली, गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि गाडी हलली. एसटीतली दोरी ओढून घंटा वाजवायची इतक्या वर्षांची सवय, इथं दोरी नव्हती म्हणून पत्रा. शेगावला दर्शन शांतपणे झालं, कचोऱ्या खाऊन झाल्या, पुन्हा मोजणी, पुन्हा थापा. नांदुऱ्याला चहा, पुन्हा थापा. प्रत्येक थापेसरशी मागच्या सीटवर झोपलेलं एखादं माणूस दचकून उठायचं आणि ओंकारेश्वर आलं का विचारायचं.

मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि निवांतपणे विचारलं, "परमिट काढलं ना तुम्ही?"

"कोणतं परमिट?" चिंतामणराव म्हणाले.

"दुसऱ्या राज्याचं. ते पार्टी काढत असते."

पार्टी म्हणजे कोण हे पाहायला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे चिंतामणरावांवर येऊन थांबले. सभेत ट्रे धरणारा माणूस आता सहलीचा प्रमुख झाला. "तुम्ही सरकारी मानूस हा, तुमाले जमते," रंगराव म्हणाले. परमिट मोबाईलवर काढायचं होतं. चिंतामणराव एका बाभळीखाली उभे राहून अर्ज भरू लागले. सगळं भरलं, पैसे भरले, तर खात्री करण्याचा आकडा गाडीमालकाच्या मोबाईलवर गेला. गाडीमालक देऊळगावराजाला एका लग्नात होता आणि तिथं बँड वाजत होता. तो तिकडून आकडा ओरडून सांगे, इकडे भलताच ऐकू येई, आणि तोवर त्या आकड्याची मुदत संपे. अखेर गाडीमालकाला मांडवाच्या मागं नेऊन कुणीतरी त्याच्याकडून आकडा नीट वदवून घेतला. बाभळीखालून घामाघूम होऊन परतलेल्या चिंतामणरावांना जयमालाबाई जीपच्या खिडकीतून म्हणाल्या, "तुम्ही कचेरीतही असेच का हो?"

बऱ्हाणपुरात पोचेपर्यंत दुपार कलली होती. तापीच्या काठी सतरंज्या पसरल्या, दशम्या निघाल्या, ठेचा निघाला. कुणीतरी गावातून मावा जिलबी आणली, ती काळपट आणि जाड जिलबी पाहून रुख्मिणीबाईंना आधी शंका आली आणि मग त्यांनी तीनदा घेतली. समोर काठावर किल्ल्याची उंच भिंत उभी होती. खाऊन झाल्यावर चिंतामणरावांनी विचारलं, "कोणकोण येतं किल्ला पाहायला?"

"आत देव आहे का?" जयमालाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग मी गाडीतच बसते."

रंगराव म्हणाले, "इथूनच तं दिसून राह्यला भाऊ. तुम्ही पाहून या पटकन."

चिंतामणराव चपला घालायला वाकले, तोवर पद्मजाबाई आधी मोठ्या गाडीकडे आणि मग जीपकडे जाऊन काहीतरी बोलून आल्या. पाण्याची बाटली आणायला गेल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं. हातात बाटली नव्हती, फक्त खांद्याला नेहमीची शबनम होती, नेहमीपेक्षा जरा फुगलेली.

दोघं हमामखान्यात शिरले. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसेना, मग हळूहळू छत दिसू लागलं. रंग बराचसा उडालेला, पण जिथं होता तिथं फुलं, वेलबुट्ट्या अशा की आत्ताच कुणी रंगाचे हात पुसून गेलं असावं. पद्मजाबाई मान वर करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी बोट वर केलं आणि बोलायला लागल्या. गरम पाणी कुठून यायचं, थंड कुठून, उजेड कुठून घेतला आहे, कुठल्या भिंतीमागं काय असेल. वर्गात बोलायच्या तसंच, पण आवाज खाली. एका ठिकाणी त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी मुलींना हे निळं सांगायचे. हे हिरवं आहे हो." आणि पदरानं डोळे टिपले.

चिंतामणराव छत पाहत नव्हते. ते बायकोकडे पाहत होते, आणि अधूनमधून घड्याळाकडे. "पद्मजा, गाडी," ते म्हणाले. "हो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या दालनात गेल्या. "पद्मजा, लोक थांबलेत." "हो हो." असं करत किल्ला संपेपर्यंत ऊन उतरायला लागलं. चिंतामणराव धावतपळत खाली काठावर आले, तर तिथं सतरंजी नव्हती, माणसं नव्हती, आणि गाड्याही नव्हत्या. जिलबीचा रिकामा कागद तेवढा होता.

चिंतामणराव काठावरच्या पायरीवर मटकन बसले. सहल त्यांची, अर्ज त्यांचा, बाभळीखाली परमिटाचा घाम त्यांचा, आणि सहल त्यांनाच सोडून निघून गेली होती. शिवाय कुणाचा एक फोन नाही. म्हणजे एवढ्या माणसांत एकालाही उणीव भासली नव्हती. इतका अपमान त्यांचा कचेरीतही झाला नव्हता, आणि तिथं संधी भरपूर होत्या.

तेवढ्यात फोन वाजलाच. रुख्मिणीबाई होत्या.

"भाऊ, ठेच्याची बरनी तुमच्या गाडीत हाय का?"

"आमच्या गाडीत?"

"हाव, जीपमंदी. जरा पायाखाली पाहा ना."

चिंतामणरावांनी खरोखरच पायाखाली पाहिलं. पायाखाली बऱ्हाणपूरची पायरी होती. "इथं नाही," ते म्हणाले, आणि पुढं काही सांगायच्या आत फोन बंद झाला. त्यांनी घाईनं धम्मरत्नला लावला.

"बोला सर," धम्मरत्न म्हणाला. "मोठ्या गाडीत ऐसपैस जागा भेटली ना? वहिनी म्हनल्या, आम्ही किल्ला पाहून मोठ्याच गाडीत बसतो, तुम्ही निघा, जयमालाबाईंना पाय पसरू द्या."

"वहिनी म्हणाल्या?"

"हाव, जेवन झाल्यावर. काऊन सर?"

चिंतामणरावांनी फोन हळूच खाली घेतला आणि मान वळवली. पद्मजाबाई शेजारच्या पायरीवर बसून पिशवीतून एक पुडी सोडत होत्या. आत मावा जिलबी होती, दोघांपुरती.

"तू मोठ्या गाडीवाल्यांना म्हणालीस आपण जीपमध्ये बसतो. आणि जीपवाल्यांना म्हणालीस मोठ्या गाडीत."

"हो."

"तुला हे सुचलं कसं?"

"दौलताबादला त्या दोन मुलींनी हेच केलं होतं," पद्मजाबाई म्हणाल्या. "या बसला सांगितलं त्या बसमध्ये आहोत, त्या बसला सांगितलं या बसमध्ये. मी परत गेले तेव्हा दोघी किल्ल्याच्या भिंतीवर बसून बोरं खात होत्या. मी खूप रागावले त्यांना. पण येताना मनात म्हटलं, सगळ्या सहलीत किल्ला पाहिला तो या दोघींनीच." त्यांनी जिलबीचा तुकडा पुढं केला. "गाड्या दोन झाल्या तेव्हाच ठरवलं मी. तुम्ही 'दोघंच' म्हणाला होतात. मी वाट पाहत होते तुम्ही सभेत पुन्हा म्हणाल म्हणून. तुम्ही चहाच देत राहिलात."

चिंतामणरावांच्या हातातला जिलबीचा तुकडा हातातच राहिला. इतके दिवस आपण जिला विसरभोळी समजून रुसलो होतो, ती आपल्यासाठी एवढा मोठा कट करत होती. "पण राहायचं कुठं?" ते म्हणाले. "खोली तर..."

"तुम्ही रद्द कर म्हणालात ते मी ऐकलं. करते कुठं म्हटलं?"

"आणि अर्जात मी देवदर्शन लिहिलंय. जयमालाबाई परत गेल्या की साहेबांना सांगणार."

"तापी आहे ना समोर. सकाळी उठून हात जोडा. झालं देवदर्शन."

सरकारी नोंद इतक्या सोप्या रीतीनं खरी ठरू शकते हे चिंतामणरावांना नोकरीच्या शेवटी कळत होतं. त्यांनी जिलबी तोंडात टाकली. तोच पुन्हा फोन वाजला, आणि या वेळी रंगराव होते. पुढे वाटेत असीरगडाजवळ चहाला दोन्ही गाड्या एकत्र थांबल्या होत्या आणि मोजणी झाली होती.

"भाऊ," रंगरावांचा आवाज ओळखू येत नव्हता. "उभ्या नोकरीत एक पासिंजर मांगं नाही ठेवलं मी. अन् ज्यायनं सहल काढली त्यायलेच ठेवून आलो. मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यली. तिथून हालू नका. मी गाडी वापस फिरवून राह्यलो."

रंगराव खरोखर रडवेले झाले होते. पाच मिनिटांपूर्वी ज्या माणसावर चिंतामणराव चिडले होते त्याचीच आता त्यांना कीव येत होती, आणि त्याच्यापुढे खरं सांगायचं तर बायकोला चोर ठरवावं लागत होतं. गाडी परत आली असती तर सगळंच परत आलं असतं. पद्मजाबाईंनी त्यांच्या हातून फोन घेतला.

"रंगराव, एक विचारू? पासिंजर आपल्या थांब्यावर उतरला, तर त्याला मागं राहिला म्हणतात का?"

"नाही," रंगराव म्हणाले.

"मग तुमच्याकडून कोणी मागं राहिलेलं नाही. आमचं तिकीट बऱ्हाणपूरपर्यंतच होतं."

रंगरावांनी घसा खाकरला, आणि जो आवाज आला तो पक्का कंडक्टरचा होता. "मंग उतरतानी सांगाचं असते ना, वहिनी. सांभाळून राहा. परवा सकाळी येतानी घेतो तुमाले, याच थांब्यावर."

फोन त्यांनी बंद केला नव्हता. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्याचं दोघांनाही ऐकू आलं, आणि गाडी पुढं निघाली.